सशाची किंकाळी

डबो गावाच्या माळावर शेजारच्या क्लाइडनं सशाची किंकाळी वाजवून कोल्हे बोलवायचं महागडं यंत्र आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी सात कोल्हे मारून कुंपणावर टांगले. मेंढ्या पाळणाऱ्या मर्विनच्या पोटात दुखायला लागलं.

"तूही आण की तसलं," बायको डोरीन म्हणाली.

"त्या शहाण्याची नक्कल करू? हॅट्!"

त्यानं गाडीचा जुना स्पीकर काढला, क्लाइडच्या यंत्रातली सशाची किंकाळी फोनवर चोरून भरली आणि बंदूक न नेता आठवडाभर माळावर वाजवली. धावत येणाऱ्या कोल्ह्यांना ससा मिळेना, नुसताच आवाज. कोल्हे शहाणे झाले, किंकाळीला फसेनासे झाले. क्लाइडचं कुंपण रिकामं राहिलं. मर्विन गालातल्या गालात हसला.

मग मर्विनच्या मेंढ्या व्यायला लागल्या आणि रात्री कोल्हे कोकरं फाडायला लागले. मर्विन बंदूक घेऊन किंकाळी वाजवत बसला. त्या आवाजाकडे एकही कोल्हा फिरकला नाही.

डोरीननं पाचवं फाडलेलं कोकरू त्याच्या पायाशी आणून टाकलं.

"वाजव," ती म्हणाली. "अजून वाजव."