मला तीस वेळा विचारायला हवं होतं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण माझ्यावर कधी कोणी पत्र लिहिलं नाही की खेळ खेळला नाही. माझं काम एकच. कार्यालयात नवा प्रोग्रॅम तयार झाला की तो माझ्यावर चालवायचा आणि तो किती चपळ आहे ते मी सांगायचं.

मला घडवलं कुठे, ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर काढलं ते चाचणीवाल्या बाईंनी. त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि पहिल्याच दिवशी शिस्त लावली. जुना प्रोग्रॅम एकदा, नवा एकदा, पुन्हा जुना, पुन्हा नवा, असे प्रत्येकी तीस वेळा! लोक वैतागायचे. "बाई, एकदा पळवला, आकडा आला, संपलं की!" त्यावर बाई म्हणायच्या, "शाळेत जायला आज बारा मिनिटं लागली आणि उद्या चौदा, म्हणून काय एका रात्रीत पाय म्हातारे झाले? थोडं मागेपुढे व्हायचंच. फरक खरा की योगायोगाचा, ते एका आकड्यावरून नाही कळत." मग त्या साठ आकड्यांचं गणित मांडायच्या आणि सगळे मुकाट ऐकायचे. ते माझे मानाचे दिवस होते.

काकांवर मात्र माझा विशेष जीव. कार्यालयातले ते सर्वांत वयस्कर प्रोग्रॅमर. रुग्णवाहिकेला जवळचा रस्ता शोधून देणारा प्रोग्रॅम त्यांनी आठ महिने खपून नव्याने लिहिला होता. "काकांचं आता वय झालं," ही कुजबुज त्यांच्याही कानावर होती. हा प्रोग्रॅम जमला तरच नोकरी टिकणार, हे ते ओळखून होते.

नेमक्या त्याच आठवड्यात बाई आईच्या आजारपणासाठी रजेवर गेल्या. साहेबांना घाई होती. त्यांनी सकाळी गारव्यात जुना प्रोग्रॅम एकदा पळवला. चार सेकंद. दुपारी नवा पळवला, तोही एकदाच. तोवर ऊन थेट माझ्या पाठीवर आलं होतं आणि पंखा धुळीने गच्च भरला होता. मी तापलो की मंदावतो. धापा टाकत मी पाच सेकंद घेतले.

"चांगला सेकंदभर मागे!" साहेब म्हणाले. "काका, आकडे समोर आहेत. आता मी तरी काय करू?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की साहेब, मंद मी झालो, प्रोग्रॅम नाही. पण आकड्यांपलीकडे मला वाचा नाही.

काका भांडले नाहीत. शुक्रवारी त्यांनी टेबल आवरलं, चष्म्याचं घर खिशात घातलं आणि जाता जाता माझ्यापाशी थांबले. "किती धूळ बसलीय रे तुझ्यावर," असं म्हणत त्यांनी माझं झाकण काढलं आणि स्वतःच्या रुमालाने पंख्याचं एकेक पातं पुसलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोमवारी बाई परतल्या. कोणालाही न विचारता त्यांनी दोन्ही प्रोग्रॅम आलटून पालटून तीस-तीस वेळा पळवले. काकांचा प्रोग्रॅम सरासरी अर्ध्या सेकंदाने पुढे होता. दोन्ही सारखेच असते, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने हजारांत एखाद्या वेळीच दिसला असता. बाईंनी तिथूनच काकांना फोन लावला. पलीकडून काका एवढंच म्हणाले, "बाई, मलाही पटलं होतं हो, की आपलं वय झालं."

काकांचा प्रोग्रॅम साहेबांनी ठेवून घेतला. काका काही परत आले नाहीत. आता मी अडगळीच्या खोलीत आहे आणि माझा पंखा पुन्हा धुळीने माखला आहे.

मित्रांनो, आमची धूळ पुसत जा, एवढं तर मागतोच. पण कोणाचा निकाल माझ्या एका आकड्यावर लावू नका. मला तीस वेळा विचारा, मी कंटाळणार नाही. त्या शुक्रवारी काका रुमाल झटकून निघाले, तेव्हा मी गार झालो होतो, खरं सांगायला तयार होतो. पण विचारायला खोलीत कोणीच नव्हतं.