दर महिन्याची दहा तारीख

आमची सून मृणाली दर महिन्याच्या दहा तारखेला बाहेरची व्हायची. दहा म्हणजे दहाच. लांज्याची एसटीसुद्धा कधी इतकी वेळ पाळत नाही. मला तिथेच शंका आली.

आमच्यात पाळीचे चार दिवस देवघराला, चुलीला हात लावत नाहीत, पडवीत बसतात. ही बसायची मोबाइल बघत, आणि घरचं सगळं माझ्या गळ्यात. मी पाळत ठेवली. परसातल्या खड्ड्यात पॅड जाळलेलं कधी दिसलं नाही. म्हटलं, ही सोंग करते. कामचुकार.

मग तिच्या पर्समध्ये गोळ्या सापडल्या. मी साखरेसाठी घेते, त्याच. माझं पाकीट तपासलं, ते पुरं होतं. म्हणजे पोरीला साखर आहे आणि माहेरच्यांनी लपवून गळ्यात मारली. मला संताप आला. मुंबईला माझ्या मुलाला, संदेशला फोन लावून सांगणार होते, हिला माहेरी पोचव. पण आधी तिलाच विचारलं.

"साखर लपवून लगीन केलंस काय गो?"

मृणाली घाबरली नाही. थकल्यासारखी खाली बसली.

"साखर नाही, आई. पीसीओएस आहे. पाळी चार-चार महिने येतच नाही. या गोळ्या त्यावरही देतात. लग्नानंतर कळलं."

"मग पडवीत कशाला बसतंस?"

"नाही बसले तर तुम्ही दिवस गेले समजाल, गावभर सांगाल. मग काय उत्तर देऊ?"

तसं मी नक्कीच केलं असतं.

"पोर होईल ना?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपचार घेतले तर बहुतेकींना होतं. खूप जणींना असतो हा त्रास, पण कितीतरी जणींना ठाऊकच नसतं."

तिने दवाखान्यातला कागद पुढे केला. चष्मा लावून मी एकेक लक्षण वाचलं. पाळी लांबणं. हनुवटीवर केस. मान काळी पडणं.

मानेपाशी मी थांबले. माझी दीपाली पंधरा वर्षांची असताना मी तिची मान काथ्याने घासायचे. मळ आहे म्हणायचे. ती रडायची, तरी घासायचे. वर्षातून दोनदाच पाळी येते म्हटल्यावर, सुटलीस बाई, असंही मीच म्हणाले होते. सावर्ड्याला दिली तिला. सात वर्षं झाली, मूल नाही, आणि मी तिच्या सासरच्यांतच काही खोट असेल, असा संशय घेत बसले.

फोन हातातच होता. संदेशऐवजी मी दीपालीला लावला.

"दीपाली, मान अजून काळीच हाय काय गो?"



"ती घासून जात नाय, आई," ती म्हणाली.