तिसरा आकडा

आमच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं: चित्रं काढणारी आणि कोड लिहिणारी. ही वाटणी माझीच. चित्रं काढणाऱ्या म्हणजे वहिनी, एकट्याच. माझा भाऊ त्यांना आणि लेकीला टाकून परगावी गेला तो गेलाच, तेव्हा मीच साहेबांच्या मागे लागून त्यांना इथे चिकटवलं. स्क्रीनवर दिसणारा फॉर्म त्या माऊसने मांडतात. इथे नावाची चौकट, तिथे बटण, खाली तारीख. मग एक प्रोग्रॅम त्या मांडणीची कोडची फाइल आपोआप बनवतो, आणि माझा कोड ती वापरतो. "झाली का चित्रकला?" असं मी त्यांना रोज विचारायचो. त्या हसायच्या. अठरा वर्षं या धंद्यात घासल्यावर माणसाला एवढा माज चालतो, असं मी धरून चाललो होतो.

एका हॉस्पिटलसाठी औषधाच्या डोसाचा फॉर्म केला. चौकटीत जास्तीत जास्त किती आकडा चालेल हे ठरवायचं वहिनींकडून राहिलं. आपण काही ठरवलं नाही तर ती चौकट नव्याण्णववर थांबते, तीन आकडी डोस घेतच नाही. फॉर्म हॉस्पिटलला देण्याच्या दिवशी सकाळी हे माझ्या लक्षात आलं. वहिनी लेकीच्या शाळेत गेल्या होत्या. त्यांची मांडणी उघडून तिथे आकडा बदलायचा, दोन मिनिटांचं काम. पण चित्रकलेला हात कोण लावणार? मी आपोआप बनलेली फाइलच उघडली आणि तिच्यात पाचशे लिहून टाकलं. अशा प्रत्येक फाइलच्या डोक्यावर सूचना असते, हाताने बदल करू नका, पुढच्या वेळी पुसले जातील. नवशिक्यांसाठी असतं ते, म्हटलं. वहिनींना सांगायचंही राहून गेलं.

चार महिन्यांनी हॉस्पिटलने छपाईचं बटण जरा वर मागितलं. वहिनींनी ते वर सरकवलं. फाइल नव्याने बनली, माझे पाचशे पुसले गेले, नव्याण्णव परत आले. बटणच तर हललंय, म्हणून बाकी कुणी काही तपासलं नाही. मीही नाही.

फिट्स येणाऱ्या एका बाईसाठी नर्सने अडीचशे टाइप केले. चौकटीने दोन घेतला, पाच घेतला आणि शून्य गुपचूप नाकारलं. लेबलवर पंचवीस छापून आले. छापलेलं माणूस खरं धरतं. पुढच्या पाळीनेही लेबल बघूनच दिलं. दोन दिवस दहावा हिस्सा औषध गेलं, आणि तिसऱ्या दिवशी ती बाई गेली. एकतीस वर्षांची होती.

साहेबांनी बदलांची नोंद काढली. आपोआप बनणाऱ्या फाइली आम्ही नोंदीत ठेवत नाही, त्यामुळे माझ्या पाचशेचा मागमूस नव्हता. शेवटचा बदल वहिनींच्या नावावर होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर मी. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बघतो." आठवडाभर बघतच होतो.

वहिनींनी स्वतःचा निकाल स्वतःच लावून टाकला होता. "चार महिने नीट चालत होतं, भाऊजी. मी बटण हलवलं आणि बिघडलं." डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. महिनाअखेर त्यांना काढायचं ठरलं. मी मूग गिळून बसलो. नोकरी, नाव, ऑफिसातला दरारा, सगळं डोळ्यांसमोर येत होतं, आणि मला माझीच किळस येत होती.

मग त्या बाईचे वडील आले. भांडायला नाही. म्हणाले, "मला ती चौकट बघायचीय."

साहेब बाहेर होते. वहिनींनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, जुना फॉर्म उघडला. वडिलांनी एका बोटाने दोन दाबला. पाच दाबला. शून्य दाबलं, पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं.

"घेत नाही हे," ते म्हणाले. "आणि आवाजसुद्धा करत नाही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"हे कुणी केलं?"

मी खुर्चीच्या मागेच उभा होतो. तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याआधी वहिनी बोलल्या.

"मी केलं, काका."

त्यांनी वहिनींकडे वळून पाहिलं. "तुला मूल आहे?"

"मुलगी आहे."

"सांभाळ तिला," म्हणाले, आणि कठडा धरत एकेक पायरी उतरून गेले. त्यांच्यामागे धावायला अजूनही वेळ होता. खालचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी तो वेळ मोजत उभा राहिलो.

वहिनींनी डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा हलका दिसत होता.

"बरं झालं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाठीशी उभे होतात म्हणून मला खरं बोलता आलं."

मी म्हणालो, "चला, दोन घास खाऊन घ्या."