डाव्या कोपऱ्यातली खुर्ची

इंचपट्टीनं दाराच्या बिजागरीत तेलाचा थेंब सोडला, दार उघडून-मिटून कुरकुर गेल्याची खात्री केली आणि ती रंगमंचावरून खाली उडी मारून मधल्या रांगेतल्या मधोमध खुर्चीत जाऊन बसली. शेजारी दाढी होता. दाढी म्हणजे नाटकाचा दिग्दर्शक. वर्षभर वाढवूनही दाढी धड आली नव्हती, नाव मात्र पक्कं झालं होतं. इंचपट्टीचं नेपथ्य. मोजायची टेप कमरेला अडकवल्याशिवाय ती कँटीनलासुद्धा जात नसे.

सर नेहमीप्रमाणे अगदी मागे, डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. विद्यापीठाच्या नाट्यविभागात उभा जन्म काढूनही मध्ये बसायचा त्यांना संकोच वाटे. त्यातून आज बोलायचंही नव्हतं. विभागाची रीतच होती: शेवटच्या वर्षाच्या मुलांनी नेपथ्य उभारलं, दिव्यांसकट तालीम सुरू झाली, की शिक्षकानं तोंडात मिठाची गुळणी धरायची. चुका मुलांच्या, निस्तरायच्याही त्यांनीच. उद्या दुपारी बाहेरून परीक्षक येणार होते, आणि इंचपट्टीचं वर्ष त्या एका प्रयोगावर ठरणार होतं.

"दिवे!" दाढी ओरडला.

खोली उजळली आणि सर खुर्चीत सावरून बसले. पोरीनं काय खोली उभी केली होती! प्लायवूड आणि कापडाची भिंत, पण आरामखुर्चीच्या मागे तिच्यावर तेलकट डाग होता, वर्षानुवर्षं एकच डोकं टेकल्यासारखा. आपण पुस्तकं वाचून नेपथ्य शिकवलं. हा डाग आपल्याला कधी सुचला असता का? नसता, असं सरांनी स्वतःला प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

नाटक साधं होतं. म्हातारा बाप खोलीत बसलेला. रागावून घर सोडलेली लेक कैक वर्षांनी परत येते, दार उघडते, उंबऱ्यावर थांबते. कुणी काही बोलत नाही. नाटकाचा सगळा जीव तिच्या त्या चेहऱ्यात.

दार उघडलं. सरांना चेहरा दिसलाच नाही.

त्यांनी आधी चष्मा पुसला. चार माणसांना दिसतं ते आपल्याला दिसत नसेल, तर दोष आपलाच, ही त्यांची जुनी सवय. मग ते पुढे झुकले. मग मान उजवीकडे काढली, आणखी काढली. तेव्हा कुठे लेकीचा कान दिसला. भिंत तिरकी होती, आणि दार आत उघडलं की त्याची फळी नेमकी लेकीच्या आणि डावीकडच्या खुर्च्यांच्या मध्ये येत होती. घोडं पेंड खात होतं ते इथं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी दार समोर उभं राहून पाहिलं होतं.

"वा! अंगावर काटा आला!" दाढी मधल्या खुर्चीतून म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत सर कँटीनमध्ये बसले. समोरचा चहा गार झाला. सांगावं, तर ते काम तिचं उरणार नाही. न सांगावं, तर उद्या अर्धं नाट्यगृह लाकूड बघत बसणार, आणि परीक्षकांना डावीकडे बसवलं की संपलंच. शेवटी ते उठले. रीत गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत जवळजवळ पळतच आले.

दार रंगमंचावर आडवं पडलं होतं. इंचपट्टी गुडघे टेकून चौकटीच्या दुसऱ्या बाजूला बिजागऱ्यांसाठी खाचा पाडत होती.

"सर, बघा हिचं!" दाढी रडकुंडीला आला होता. "उद्या प्रयोग आणि ही बया दार उतरवून बसली. मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही," ती मान वर न करता म्हणाली. "तू तिकडं कोपऱ्यात जाऊन बस. मी दार धरते."

दाढी पाय आपटत गेला. सरांच्या खुर्चीत बसला. तिनं दार उचलून जुन्या जागी उघडं धरलं आणि मागे लेकीचं काम करणाऱ्या मुलीला उभं केलं. दाढी पुढे झुकला, मग उजवीकडे कलला. मग त्यानं येऊन दाराचं दुसरं टोक धरलं.

"जुन्या खाचा दिसतील ना पण," तो म्हणाला.

"दिसू देत. जुन्या घराचं दार कधी ना कधी बदललेलं असतंच."

दाढी स्क्रू आणायला गेल्यावर सरांनी हळूच विचारलं, "तुला कळलं कसं?"

ती लाजली. "दार उघडलं तेव्हा मी मागे वळले होते, सर. तुम्हाला आवडतंय का ते बघायला. तर तुमची मान..." तिनं स्वतःची मान वाकडी करून दाखवली, अगदी चिमणीसारखी.

"म्हणजे मी सांगितलंच की गं."

"तुम्ही कुठं काय बोललात? मी बघितलं."

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलं. परीक्षकबाई डावीकडेच बसल्या. सरांनी कोपऱ्यातली खुर्ची सोडली नाही. फक्त मान ताठ ठेवायचं पक्कं ठरवलं, उगाच पोरीचा गैरसमज नको. बाप खोकला. बाहेर पावलं वाजली.

इंचपट्टी विंगेत नव्हती. ती बाजूच्या भिंतीला टेकून, रंगमंचाकडे पाठ करून उभी होती. स्वतःचं नेपथ्य सोडून ती प्रेक्षकांच्या माना बघत होती, एकेक रांग, मागपर्यंत. दार उघडल्याचा आवाज आला. एकही मान हलली नाही. परीक्षकबाईंचा हात तेवढा तोंडाशी गेला.

तिची नजर डाव्या कोपऱ्यात पोहोचली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिथं एक मान वाकडी होती.

मग तिच्या लक्षात आलं, ती मान तिच्याकडेच वळली आहे. तिनं डोळे मोठे केले आणि बोटानं दटावून खूण केली: सर, समोर बघा.