आष्टीच्या बाजारात विकलेला खोकला

दिवाळी झाली, टोळ्या ऊसतोडीला गेल्या, की आमचं गाव इतकं गप होतं की कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी ऐकायला कोणी आहे का ते बघून घेतात. खोटं वाटत असेल तर पौषात येऊन बघा. पाव्हणा दिसला की कुत्री गळ्यात पडून रडतात.

माझा माऊली आणि सून बबिता कोल्हापूरकडं गेलेले. मागं राहिलो मी, माझ्या शेळ्या आणि चार वर्षांची नात ऋतुजा. शेजारच्या खोलीत माझी भावजय साखराबाई. भाऊ माझा कधीच गेला, आणि तिचीही दोन्ही पोरं उसाला. दोन्ही घरांवर पत्रा एकच आहे. मधली भिंत बांधताना विटा संपल्या, त्यामुळं ती पत्र्यापर्यंत पोचलीच नाही. तिकडं साखराबाईनं कूस बदलली तरी इकडं कळतं. बोलणं मात्र बेताचंच. मी शंभरात एखादं खरं बोलतो, आणि ते कोणतं हे तिला ओळखू येत नाही, म्हणून ती सगळंच सोडून देते.

ऋतुजाला सर्दी झाली. दिवसभर नाक ओढत शेळ्यांमागं हिंडली. दिवस मावळायला आरोग्य केंद्राची आशाताई सत्यशीला येऊन पोरीला बघून गेली.

"ताप न्हाई, दम बी लागंना. मेडिकलातली खोकल्याची बाटली मात्र आणू नका, आबा. कोमट पाणी घोट घोट पाजा, मधाचं बोट चाटवा, उसं उंच करा. श्वास घेताना बरगड्या आत वढायला लागल्या, तर रात्र बघू नका, मला फोन लावा." उंबऱ्यावरून ती पुन्हा वळली. "आणि फोनवर नीट सांगा. गोष्ट लावू नका."

रात्री पोरीनं पाठ टेकली आणि खोकला सुरू झाला. मी गोधडीची घडी करून तिच्या डोक्या-खांद्याखाली सारली. पाणी पाजलं, मध चाटवला. जरा थांबायचा, डोळा लागतोय वाटायचं, की पुन्हा. डोळे झोपेनं लाल, पण झोप काही येईना.

"कावून जात न्हाई हा, आबा? आई आसती तर गेला आसता."

आई माझ्यापाशी नव्हती. माझ्यापाशी होत्या गोष्टी.

"मला ल्हानपणी लई मोठा खोकला झाल्ता," मी सुरुवात केली. "मी खोकलो की पत्र्यावरचे धोंडे उडून लिंबावर जाऊन बसायचे. शेवटी माझ्या बापानं त्याला दावं लावलं अन् आष्टीच्या बाजारात विकायला नेला. एक मिशीवालं गिऱ्हाईक आलं. त्यानं खोकल्याचा जबडा उघडून दात मोजायला घेतले..."

ऋतुजा खुदकन हसली. हसता हसता खोकली, आणि अशी खोकली की पाजलेलं पाणी, मध, सगळं माझ्या धोतरावर आलं. मी बॅटरी लावून तिच्या बरगड्या बघत बसलो. आत ओढत नव्हत्या.

भिंतीवरून आवाज आला, "भावजी, पोरीला झोपी घालायलात का हसवून मारायलात?"

"गोष्ट सांगायलोय, वयनी."

"त्येच म्हणायले. हसू येणार न्हाई असं सांगा कायतरी. हाय का एखादं?"

मी मनातलं पोतं उलटं करून बघितलं. उडणारी म्हैस होती, विड्या मागणारं भूत होतं, बांधावर मला रामराम घालणारा लांडगा होता. हसू न येणारी एकही नव्हती. सगळा जन्म गेला आणि कामाचं एक पोतं भरता आलं नाही.

"आई आता काय करायली, आबा?" ऋतुजानं विचारलं.

एरवी मी तिला सांगतो की आई साखरेच्या डोंगरावर घसरगुंडी खेळते. त्या रात्री भीती वाटली. हसली असती.

"कोपीत निजली आसंल. उसाच्या पाचटाची झोपडी आसती ती."

"मग?"

"मग कोंबड्याच्या आधी उठंल. भाकरी करील. डोक्याला फडकं बांधून फडात जाईल. बुडाशी वाकून ऊस तोडंल."

"मग?"

"मोळी बांधंल. तुझा बाप ती डोक्यावर घिऊन ट्रॅक्टरवर टाकंल."

"मग?"

"मग दुसरी मोळी."

मोळीमागून मोळी. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी आवाज खाली ठेवून तिची पाठ चोळत राहिलो. मधे खोकली, तेव्हा पाणी दिलं.

"आई तिथं खोकती का?"

"पाचटाची धूळ बसती नरड्यात. खोकत आसंल."

"मग तिला कोण पाणी देतं?"

एरवी अशा वेळी थापा रांग लावून उभ्या असतात. त्या रात्री एक पुढं येईना.

"बाप देतो तुझा," मी म्हणालो. हे खरं की खोटं, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

तिनं मान हलवली. मी पुढची मोळी बांधायला घेतली. या वेळी "मग" आलं नाही. कानाजवळ गेलो, तर नाक शिट्टी वाजवत होतं आणि छाती सावकाश वरखाली होत होती.

गप बसायला हरकत नव्हती. पण मी गप झालो असतो, तर नुसतं शेळ्यांचं रवंथ ऐकू आलं असतं. म्हणून ट्रॅक्टर भरला, दोर आवळला, कारखान्याच्या रांगेत नेऊन उभा केला. तिथून पुढं मलाही काही दिसेना.

"मग?" भिंतीवरून आवाज आला.

"झोपली ती, वयनी."

"ती झोपली. मी कुठं झोपले?"

मी पुन्हा रांगेतल्या ट्रॅक्टरकडं वळायला लागलो. तर तीच म्हणाली, "ऊस नगं आता. माझी बी दोगं त्यातच हायेत. त्या खोकल्याचं काय झालं, त्ये सांगा. दात किती निघाले?"

"तुमचा इस्वास कुठं हाय माझ्यावर?"

"न्हाईच. म्हणून तर इचारायले."

मी ऋतुजाच्या उशाची घडी सारखी केली, भिंतीला पाठ लावली आणि पोरगी चाळवणार नाही इतका आवाज खाली आणला.

"दात बत्तीस," मी म्हणालो. "पर एक दाढ किडकी. गिऱ्हाईक म्हणलं, तेवढी काढून द्या, मग नेतो."

पलीकडं साखराबाई हसली. हसता हसता खोकली. चांगलीच खोकली.

तिचा खोकला थांबेपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, "पाणी हाय का जवळ?"

"हाय," ती म्हणाली. "सांगा."