तीर्थाचे तीन तांबे

सगळे आत आले की हॉलच्या दाराला कडी लागायची. मग वजन होईपर्यंत बाहेर जायचं नाही. पोटुशी बायका गोल करून बसलेल्या, आम्ही घरची माणसं भिंतीला चिकटून. मधोमध हार घातलेला वजनकाटा आणि त्याच्याशेजारी गर्भमहाराज.

महाराजांनी पाण्याच्या पेल्यात पांढरी भुकटी टाकली. थोड्या वेळात ती फुगून पेल्याच्या काठाला आली.

"बघा! बाळ असंच वाढणार. घास कशाला गिळता? अन्नाची होते माती, भुकटीचं होतं बाळ!"

माझी मुलगी तीर्थ पिऊन काट्यावर चढली. वजन पुन्हा वाढलेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझी बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. महाराज मुलीला म्हणाले होते, "तुझी आई तुझ्या पोटी येतेय. नेम मोडलास तर वाटेतूनच परत जाईल." नेम म्हणजे तिन्ही वेळा भुकटी. त्यानंतर भूक राहिली तरच जेवण, आणि भूक राहायचीच नाही. जावई म्हणायचा, "मामा, तुम्ही तरी सांगा हिला." पण मलाही बायको परत यायला हवी होती. कोणत्या तोंडाने सांगू?

मी शिंपी. वजन वाढतंय म्हणून पोरीचे ब्लाऊज उसवायला घेतले. टेप लावली, तर दंड पहिल्यापेक्षा बारीक.

"अण्णा, टेप जुनी झाली असेल."

"तुझ्या आईची आहे."

तिने टेप गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

भुकटीची पुडी मी डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "ही इसबगोलाची भुशी. औषधाच्या दुकानात मिळते. पोटात फुगते, म्हणून भूक मरते. बाळाला त्यातून काय मिळणार?"

"मग वजन कसं वाढतं?"

"काट्यावर चढण्याआधी काही पाजतात का?"

मी कपाळावर हात मारला. तीर्थ! पहिल्या आठवड्यात एक तांब्या, मग दोन, आता तीन.

पुढच्या बैठकीला मी म्हणालो, "महाराज, आधी माझं वजन करा." काट्यावर चढलो, उतरलो, मुलीच्या वाटचे तिन्ही तांबे घटाघटा प्यायलो आणि पुन्हा चढलो. काटा चांगलाच पुढे सरकला.

"महाराज, मला कितवा महिना?"

हॉल हसून लोटपोट झाला. मुलगी मात्र हसली नाही.

"नास्तिका!" महाराज ओरडले. "हिची आई परत चालली!"

मुलगी जागची हलेना. "अण्णा, खरंच गेली तर?"

"ती येतच नव्हती, बाळा. ताट पुसून खाल्ल्याशिवाय जी तुला उठू द्यायची नाही, ती तुला उपाशी ठेवून येईल का?"

तिने माझा हात धरला. दाराची कडी मी काढली. आमच्या मागून बाकीच्या बायकाही उठल्या.

भुशी वाईट नाही. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना विचारून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. भाज्या, फळं, कडधान्यं यांतही चोथा असतो. पण तो जेवणाबरोबर, जेवणाऐवजी नव्हे. वजन किती वाढायला हवं, तेही डॉक्टरांनाच विचारा. आणि कोणी काट्यावर चमत्कार दाखवला, तर पाणी पिण्याआधी एकदा चढून बघा.

त्या दिवशी घरी येऊन मुलगी पोटभर जेवली. ती ताट पुसेपर्यंत मी समोरून उठलो नाही.