बाटलीतलं तपकिरी रक्त

माकणीच्या धुरपदाबाईला प्रश्न विचारायची खोड होती, आणि ती काही साधीसुधी नव्हे. तेरणेच्या काठाला पहिलं डिझेलचं इंजन बसलं तेव्हा सारं गाव बघायला लोटलं आणि पाणी बघून खुशीत घरी परतलं. ही बाई मात्र मिस्त्रीच्या मागं लागली. पाणी वर चढतं कशाच्या जोरावर, धूर निघतो तर आत जळतं काय, आणि जळतं तर इंजन वितळत कामून न्हाय? बिचाऱ्या मिस्त्रीनं शेवटी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि काढता पाय घेतला. तिचा नवरा बब्रुवान शांत माणूस. तो म्हणायचा, "हिला तोंड एकच हाय म्हणून गाव वाचलंय."

पण त्या हिवाळ्यात हरण्या बैल गोठ्यात कोसळला तेव्हा कुणाला चेष्टा सुचली नाही. सकाळची वेळ. चांगलं खाऊनपिऊन उभा असलेला बैल एकाएकी थरथरायला लागला, तोंडाला फेस आला, धापा टाकत खाली बसला आणि पाय झाडून गेला. बब्रुवान शेतावरून धावत आला तोवर सगळं संपलं होतं. धुरपदाबाई बैलाच्या मानेशी बसून रडत होती. हरण्याची आई व्याल्यावर लगेच मेली, तेव्हा हिनंच त्याला बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. असलं जनावर डोळ्यांदेखत जातं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखंच होतं, त्यात लपवायचं काय?

शेजारपाजारी जमले आणि घटकाभरात निकाल लावून मोकळे झाले. बैलाला पान लागलं. साप गवतात असतो, रात्रीचा येतो, चावून जातो. त्यात नवल कसलं?

धुरपदाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि बैलाचे चारी पाय, नाकपुड्या, पोटाखालची कातडी चाचपून बघितली. कुठं सूज नव्हती, की दाताचा व्रण नव्हता.

"पान लागलं तर खूण कुठं हाय?" तिनं विचारलं.

"खूण घिऊन काय करायचं आता?" बब्रुवान म्हणाला. "गेला त्यो गेला."

"लोहाऱ्याच्या ढोरडाक्टरला बलवा."

"मेल्या बैलाला डाक्टर कशाला?"

"बैलाला न्हाय, मला. कशानं गेला ते कळल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय."

बब्रुवानला बायको ठाऊक होती. त्यानं माणूस धाडला.

जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या आणि लोहाऱ्याला जनावरांचा दवाखाना आला होता. तिथला डॉक्टर शांतलिंग हा उमरग्याकडचा तरणा गडी. दुपारी तो सायकलला पेटी बांधून येऊन पोचला. लोक मागं त्याला हसायचे, कारण त्याच्या पेटीत औषधांपेक्षा काचेच्या नळ्याच जास्त असत. तो यायच्या थोडं आधी धुरपदाबाई दुसऱ्या बैलापाशी, माणक्यापाशी उभी होती. जोडीदार गेल्यापासून त्यानं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. तिनं त्याला गोंजारून गोंजारून चार घास खायला लावले आणि मगच ती डॉक्टरकडं वळली.

शांतलिंगनं हरण्याचं नाक-तोंड बघितलं, मग मानेची शीर टोचून थोडं रक्त नळीत घेतलं. नळी उन्हात धरली आणि त्याच्या भुवया वर चढल्या.

"बाई, मेलेल्या जनावराचं रक्त काळपट पडतं. हे बघा, कसं लालभडक आहे."

"मग ह्येचंच कामून तसं?"

डॉक्टरनं चमकून तिच्याकडं बघितलं. नोकरीला लागल्यापासून त्याला औषध मागणारे खूप भेटले होते, प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. तो तिथंच उकिडवा बसला.

"रक्त श्वासातली हवा घेऊन अंगभर वाटत फिरतं. वाटून झालं की काळपट होतं. ह्याचं लालच राहिलंय. म्हणजे माल दारात पोचला, पण उतरवून घेणारं कुणी नव्हतं."

"उतरवून घेणारं म्हंजी कोण?"

"आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. प्रत्येक पेशीत प्रथिनं असतात, ती सगळी कामकरी मंडळी. त्यातलं एक ही हवा उतरवून घेतं. एक विष असं आहे की ते नेमकं त्याच्याच मानगुटीवर बसतं. मग पेशी भरल्या घरात उपाशी मरते."

"तुमी बघितलंय व्हय त्याला बसलेलं?"

"नाही."

"मग बसलंय हे कसं कळतं?"

बब्रुवाननं कपाळाला हात लावला. पण शांतलिंगचे डोळे लकाकले. "हाच तर प्रश्न आहे, बाई. आत डोकावता येत नाही. म्हणून बाहेर त्याला बसायला दुसरी जागा करून द्यायची आणि येऊन बसतं का ते बघायचं. तुमची शेळी आणा."

शेळीच्या कानाला सुई टोचून त्यानं चार थेंब रक्त बाटलीतल्या पाण्यात सोडलं. पाणी लाल झालं. मग पेटीतल्या एका पुडीतली चिमूटभर पांढरी भुकटी त्यात टाकली, बाटली हलवली आणि वाट बघितली. लाल रंग मळत गेला आणि शेवटी तंबाखूच्या पाण्यासारखा तपकिरी झाला.

"चांगल्या रगताचं वाटोळं केलं की हो!" धुरपदाबाई म्हणाली.

"केलं. असल्या रक्ताला हवा धरता येत नाही. पण त्या विषाला ही जागा पेशीपेक्षा आवडते. दिसली की येऊन बसतं, आणि बसलं की रंग पुन्हा लाल होतो."

हे तपकिरी पाणी त्यानं बारक्या नळ्यांत ओतून घेतलं. मग मेलेल्या बैलाच्या कुशीत पोकळ सुई घालून पोटातलं पाणी काढलं, फडक्यातून गाळलं आणि एका नळीत थेंब थेंब सोडलं. धुरपदाबाई नाक टेकेल इतकी जवळ वाकली. आधी काहीच झालं नाही. मग वरून लाली उतरायला लागली आणि बघता बघता नळी गुलाबी लाल झाली.

"आलं! बसलं!" ती ओरडली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला. शेजारी हरण्या पडला होता आणि आपल्याला आनंद झाला, ह्याची तिला लाज वाटली. पण कुतूहल काही केल्या गप बसेना. "नुसतं पाणी टाकलं तर?"

डॉक्टरनं दुसऱ्या नळीत नुसतं पाणी टाकलं. ती तपकिरीच राहिली.

"मग खरं हाय," धुरपदाबाई म्हणाली.

शांतलिंग बब्रुवानकडं वळला. "पाव्हणं, ही किरळ आहे. बैलानं कोवळी ज्वारी खाल्ली, तिच्यातलं हे विष."

बब्रुवानचा शांतपणा तिथं संपला. "मला किरळ कळत न्हाय व्हय? रानातली जवारी हुरड्याला आलीया, डाक्टर. कोवळं ताट हुडकून सापडायचं न्हाय. शेतकरी हाय म्या, बैल काय असा मोकळा सोडीन?"

डॉक्टरचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा नळीकडं बघितलं. नळी लालच होती. "मग हेच विष दुसऱ्या कशातनं तरी गेलंय. काय काय खाल्लं होतं?"

"कडबा, पाणी, पेंड. रोजचंच की."

"मग रोजचंच टाकून बघू की!" धुरपदाबाई म्हणाली आणि उठलीसुद्धा.

तिनं कडबा कुटून पाण्यात कालवून आणला. नळी तपकिरी. डोणीतलं पाणी आणलं. तपकिरी. गोठ्यामागच्या कुंपणाचा पाला चुरून आणला. तीही तपकिरी. दर खेपेला ती नळीवर वाकायची, दर खेपेला नवं काहीतरी आणायला धावायची. बब्रुवान म्हणाला, "आता चुलीवरचं बेसन तेवढं ऱ्हायलंय." तिनं लक्ष दिलं नाही. गव्हाणीतल्या घमेल्याच्या तळाला उरलेली पेंड बोटानं निपटून, पाणी करून तिनंच आणली आणि डॉक्टरच्या हातात दिली. कडबा झाला, पाणी झालं, मग पेंडच कशाला सोडायची?

ती नळी थेंब पडता पडताच लाल झाली. बैलाच्या पोटातल्या पाण्यानं झाली होती त्याहून लाल.

मग डॉक्टरनं हळूच विचारलं, "कसली पेंड?"

"जवसाची. गेल्या साली करडईवर मावा पडला, गुंडप्पाच्या घाण्यावर जवसच व्हतं."

"भिजवता कशी?"

"आधी कोरडीच घालत व्हते. लई थंडी पडली म्हनून काल..." तिचा आवाज बारीक होत गेला. "काल कोमट पाण्यात भिजिवली. वर पोतं झाकलं अन् चुलीच्या उबेला ठिवली रातभर. मऊसूत झाली. हरण्या लई खूश झाला, माणक्याच्या वाट्यातलीबी निम्मी खाल्ली त्यानं."

"जवसात हे विष बांधलेलं असतं," शांतलिंग जमिनीकडं बघत म्हणाला. "उकळत्या पाण्यात घातलं तर ते सोडवणारं प्रथिनच मरतं, मग भीती नाही. कोमट पाण्यात झाकून ठेवलं की मात्र सुटत राहतं."

धुरपदाबाईची नजर गव्हाणीतल्या रिकाम्या घमेल्याकडं गेली. आताच, डॉक्टर यायच्या आधी, जोडीदाराच्या दुःखानं खाईना म्हणून तिनं गोंजारून माणक्याला कसले घास भरवले होते?

"माणक्या!"

बैलाच्या मांड्या थरथरत होत्या. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि तो दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. डॉक्टरनं ओठ वर करून हिरड्या बघितल्या. लालबुंद. त्यानं पेटीतून औषधाच्या दोन बाटल्या आणि मोठी पिचकारी काढली.

"ह्येच्यात काय हाय?" बब्रुवाननं विचारलं.

"ह्यात हायपो, फोटोवाले वापरतात तो. तो नंतर, गोळा झालेलं विष मारायला. आधी ही. आत्ताची भुकटीच आहे, विरघळवलेली."

बब्रुवान आडवा आला. "जिनं रगताची माती केली ती? ती जित्या बैलाच्या अंगात घालणार? एक गेला तेवढा पुरं हाय. न्हाय, डाक्टर."

"बब्रुवानराव, वेळ नाही."

"न्हाय म्हंतो ना!"

माणक्याचे पुढचे पाय वाकले. धुरपदाबाईच्याच हातानं एक गेला होता, आणि आता दुसऱ्याच्या अंगात विष घालू द्या म्हणायचं होतं. चुकलं तर नवरा जन्मभर तोंड बघणार नाही. पण त्या नळीत वरून खाली उतरलेली लाली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, आणि नुसत्या पाण्यानं ती उतरली नव्हती हेही बघितलं होतं.

"डाक्टर, थोडंच रगत तपकिरी व्हणार ना? समदं न्हाय?"

"थोडंच. बाकीचं हवा वाहील. त्या थोड्यावर विष येऊन बसेल."

"अन् तितं बसलं म्हंजी पेशीतनं उठलं?"

"उठलं."

तिनं नवऱ्याला बाजूला सारलं आणि माणक्याची शिंगं दोन्ही हातांनी धरली. "टोचा. व्हईल ते माझ्या माथी."

डॉक्टरनं मानेच्या शिरेत औषध सावकाश सोडलं. तिनं एका हातानं बैलाचा ओठ उचलून धरला होता आणि तिची नजर हिरड्यांवर खिळली होती. लालबुंद हिरड्या हळूहळू मातकट झाल्या. बब्रुवाननं डोळे झाकले. तिनं झाकले नाहीत. "आता जागा झाली," ती पुटपुटली. "जा बाबा, बस तितं." मग डॉक्टरनं दुसरी बाटली दिली. बैल धापा टाकत राहिला, मग धापांमधलं अंतर वाढलं. मांड्यांची थरथर थांबली. शेवटी माणक्यानं लांब सुस्कारा टाकला, मान झटकली आणि तिच्या खांद्यावर सगळी लाळ सांडली. ती हसली आणि हसता हसताच हमसून रडायला लागली.

दिवस कलायला लागला तसा शांतलिंगनं नळ्या धुऊन पेटीत ठेवल्या. जाताना तो तिच्याजवळ थांबला. "बाई, गावाला पान लागलं असंच वाटतंय. वाटू द्या. मी कुणाला काही बोलणार नाही."

बब्रुवाननंही मान हलवली. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "व्हय. पानच लागलं म्हनू. तुझा काय दोष? मायेनंच घातलंस ना."

दोघांच्याही चांगुलपणानं तिला भरून आलं. आपण हरण्याला मारलं, हे वाक्य तिनं मनात एकदा म्हणून बघितलं आणि ते सहन होईना. पान लागलं, हे किती सोपं होतं! मग तिला आठवलं, पेंड कोमट पाण्यात झाकून ठेवायची आपली नवी युक्ती काल विहिरीवर आपण किती तोऱ्यात सांगितली होती. आणि गुंडप्पाच्या घाण्यावरची पेंड तर निम्म्या गावानं नेली होती. आता संध्याकाळच्या चाऱ्याची वेळ झाली होती.

ती उठली आणि झपाझपा चालत शेजारच्या कस्तुराबाईच्या अंगणात शिरली. कस्तुराबाई भिजवलेल्या पेंडीचं कोमट घमेलं घेऊन गोठ्याकडं निघाली होती.

"हितं कुठं आलीस गं?" ती हळहळून म्हणाली. "बस घटकाभर. पान लागलं म्हनं हरण्याला?"

"न्हाय," धुरपदाबाई म्हणाली. "म्या घातलेल्या पेंडीनं गेला. तीच ही. ठिव ते घमेलं खाली."

कस्तुराबाई घमेल्याकडं बघत राहिली, मग तिच्याकडं. "अगं, अन् हे तू तुझ्याच तोंडानं सांगत हिंडणार?"

"मग कुणाच्या तोंडानं सांगू? बैल माझा व्हता."

कस्तुराबाईनं घमेलं खाली ठेवलं, आणि धुरपदाबाई पुढच्या घराच्या दाराकडं निघाली.